करवतीच्या पात्याएवढी फट

२० जुलै २०२२, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. नांदेडच्या आमच्या विज्ञान महाविद्यालयात, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, मी माझा नवा कोरा ड्रिल टेबलावर ठेवला आणि बिराजदार मॅडमनी तो उचलून कानाला लावला.

ड्रिल बंद होता. त्याची वायर अजून रबरबँडमध्येच होती. मॅडमनी डोळे मिटले आणि दोन बोटांनी त्याचे तोंड सावकाश फिरवले.

"फोन लागला का, मॅडम?" मागून कुणीतरी विचारले.

"लागला की. तुझ्या बापाला विचारते, ह्याला कालिजात कशाला धाडलं म्हणून." डोळे न उघडताच उत्तर आले. हसू ओसरल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "कोणत्या गावची गं तू?"

"हदगाव."

"हदगाव, ह्याचं बेअरिंग खडखड करायलंय. ह्यानं भोक न्हाई पडायचं. खड्डा पडंल."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी हदगाव झाले. मॅडम विद्यार्थ्यांना नावाने हाक मारीतच नसत. मुखेड, देगलूर, किनवट, माहूर अशी त्यांची हजेरी चाले, आणि एकाच गावची दोन मुले आली की दुसऱ्याला शेजारच्या गावी राहायला जावे लागे. तो ड्रिल मी पंधरवडाभर अभ्यास करून निवडला होता. फेरे, वजन, पकड, किंमत असा तक्ता मांडला होता. त्या तक्त्यात आवाजाला रकाना नव्हता.

मला वैज्ञानिक उपकरणे घडवणाऱ्या प्रयोगशाळेत जायचे होते, आणि तिथे स्वतः केलेला बोर्ड दाखवल्याशिवाय कुणी दारात उभे करत नाही असे मी ऐकले होते. त्यामुळे अपमान गिळून मी रोज मॅडमच्या टेबलापाशी जाऊ लागले.

घरी सर्किट बोर्ड करायचा म्हणजे तांब्याचा पातळ थर दिलेली पाटी घ्यायची, नको असलेले तांबे रसायनात विरघळवायचे, पाटी मापात कापायची आणि सुटे भाग बसवण्यासाठी तिला बारीक भोके पाडायची. विरघळवण्याचे काम रसायन करते. उरलेली दोन कामे हत्यारांची, आणि बहुतेक बोर्ड तिथेच मरतात.

मॅडम ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, निवृत्तीला दोनेक वर्षे उरलेल्या. सुती साडीवर पांढरा कोट, आणि त्या रसायनाने कायमची पिवळट तपकिरी झालेली उजव्या हाताची तर्जनी. कोटाच्या वरच्या खिशात चार-पाच बॉलपेन असत, पण एकानेही लिहिता येत नसे. त्यांच्या रिकाम्या नळ्यांत ड्रिलला लावायचे बारीक टोकदार बिट ठेवलेले असत. परीक्षेच्या दिवशी कुणी पेन मागितला की त्या एक काढून देत, आणि तो बिचारा बराच वेळ कागदावर रेघोट्या ओढत बसे.

हत्यार कोणते घ्यावे, असा सरळ प्रश्न त्यांना विचारला की सरळ उत्तर मिळत नसे. "हत्यार निवडलं म्हणजे चूक निवडली," त्या म्हणत. "करवतीनं कड फाटती. कात्रीनं पाटी वाकती आन् मधी तडा जातो, दिसत बी न्हाई. चिरा मारून मोडली तर सरळ मोडती, पण मोडायच्या आधी तिला बी माहीत नसतं कुठं मोडणार. आपल्याला कोणती चूक परवडती तेवढं बघायचं."

साध्या पोलादी बिटाबद्दलही तसेच. काचतंतूच्या हिरव्या पाटीवर तो लवकर बोथट होतो, आणि बोथट बिट भोक पाडत नाही, जाळतो. कागदी तपकिरी पाटीवर तो टिकतो, पण ती पाटी ओल शोषते. कठीण धातूचा कार्बाइड बिट दोन्हींना पुरून उरतो, मात्र हात केसभर तिरका गेला की काडीसारखा तुटतो. तुटण्याचा आवाज ओळखता यावा म्हणून मॅडमनी मला डोळे मिटून मुद्दाम बिट मोडायला लावले. मी मोडले. दोन.

"काय ऐकलंस?"

"टक् असा आवाज."

"त्याच्या आधी?"

"काहीच नाही."

"तेच. आधी एकदम गप्प होतंय. गप्प झालं की हात काढायचा." एवढे बोलून त्या खिडकीकडे पाहत राहिल्या, आणि तास संपल्याची घंटा होऊनही वळल्या नाहीत.

सगळेच त्यांचे खरे असे मात्र नव्हे. हातड्रिलला, तो कसाही धरला तरी, कार्बाइड लावूच नये, असा त्यांचा हट्ट होता. मी भंगारातल्या सूक्ष्मदर्शकाच्या सांगाड्यावर ड्रिल उभा बसवला, जेणेकरून तो फक्त वरखाली होईल, आणि एकाच कार्बाइड बिटाने सबंध बोर्डाची भोके पाडून तो त्यांच्यासमोर ठेवला. मॅडमनी तो खिडकीशी नेला, एकेका भोकातून उजेड पाहिला, प्रत्येक भोकात फुंकर घातली. "बरोबर हाय तुझं," म्हणाल्या. "मी चुकले." एवढ्या सहजपणे चूक कबूल करणारा दुसरा प्राध्यापक मी पाहिलेला नाही. पुढे माझ्या लक्षात आले की त्या चुकीची वाटच पाहत असत. ती सापडली की त्यांचा चेहरा क्षणभर उजळे आणि लगेच विझे, जणू ही चूक ती नव्हे.

एकदा त्यांच्याबरोबर वजिराबादच्या बाजारात हत्यारे आणायला गेले. दुकान अरुंद, काउंटरवर खिळे, स्क्रू, बिटांच्या डब्या. दुकानदार मॅडमना पाहताच स्टूल पुसू लागला.

"आओ मॅडम. वोइच पॉइंट आठ?"

"हाव. दोन चांगले द्या." त्यांनी डबीतून पॉइंट आठ मिलिमीटरचे दोन बिट निवडले, उजेडाकडे धरून फिरवले. मग म्हणाल्या, "आता दोन भंगार द्या."

"भंगार?"

"एकदम बेकार. कुणी वापरून परत आणलेला असंल तर तोच द्या. आन् करवतीचं पातं, बारीक दाताचं, गंजलेलं असलं तरी चालंल."

दुकानदार माझ्याकडे पाहून हसला. "बेटा, सारा नांदेड मेरेकू बोलता, अच्छा माल दो. येइच एक मॅडम हैं, पैसे देको बुरा माल लेते. घर में किसपे गुस्सा निकालते, मालूम नै."

मॅडम हसल्या नाहीत. बोथट बिट त्यांनी वेगळ्या नळीत ठेवला, आणि ती नळी खिशात नव्हे, पर्समध्ये. परतताना मी विचारले, वाईट हत्यार कशासाठी? रिक्षाच्या आवाजात त्यांचे उत्तर जेमतेम ऐकू आले. "वाईट झालं ते वाईट हत्यारानं झालं का, ते बघायला."

काय वाईट झाले, ते त्यांनी सांगितले नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचराने एवढेच सांगितले की आदल्या हिवाळ्यात मॅडमच्या घरी काही घडले, आणि तेव्हापासून दर शनिवारी दुपारच्या बसने त्या लातूरला जातात, सोमवारी पहाटे परततात आणि येताना प्रत्येक वेळी त्यांच्या पिशवीला करपल्याचा वास येतो.

२०२४ साली मॅडम निवृत्त होऊन कायमच्या लातूरला गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात माझी त्या उपकरणे घडवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मुलाखतीसाठी निवड झाली. नमुना बोर्ड बरोबर न्यायचा होता, आणि वसतिगृहात ड्रिल चालवला की खालच्या मजल्यावरून तक्रार येई. मी फोन केला. "ये की," त्या म्हणाल्या. "पण घरात आवाज असतो. चालंल ना?"

मला वाटले, आवाज ड्रिलचा.

लातुरात औसा रस्त्याला आतल्या बाजूस दोन खोल्यांचे घर होते. दार उघडताच तो ऐकू आला: टक्. मग टक्. साधारण सेकंदाला एक. थोड्या वेळाने कळले की तो एक आवाज नव्हता. टेबलावर तीन यंत्रे चालू होती आणि तिन्ही टकटकत होती, एकमेकांपासून किंचित मागेपुढे. काही मिनिटांनी त्यांच्यातले अंतर कमी कमी होत गेले, तिन्ही ठोके एकावर एक आले आणि घरात एकच मोठा ठोका पडू लागला. मग ते पुन्हा सुटे झाले. तीन आंदोलकांची वारंवारता थोडी वेगळी असली की असे होणारच, हे मला पाठ आहे. तरीही ते जुळून येत तेव्हा माझा श्वास त्यांच्याशी जुळलेला असे, आणि तो कधी जुळला ते मला सांगता येत नसे.

खोलीच्या एका टोकाला मॅडमची आई बसलेली होती. मॅडम तिला अव्वा म्हणत. पाठ भिंतीला न टेकता, दाराच्या चौकटीत. किल्लारीचा भूकंप सोसलेली बरीच माणसे भिंतीपासून अशी अंतर ठेवून बसतात.

"कोण गं ही?"

"माझी विद्यार्थिनी, अव्वा. हदगाव."

"हदगाव. बस माय. जेवून आलीस का नुसतीच आलीस?"

मी भिंतीकडे पाहिले. खिळ्यांना दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याला एक बोर्ड लटकवलेला. ओळीमागून ओळी, पार छतापर्यंत. पंख्याच्या वाऱ्याने ते हलत होते. जवळ जाऊन पाहिले तर एका पाटीची कड फाटलेली होती, दुसरीची सरळ मोडलेली, तिसरीची भोके जळून काळी. चौथीची स्वच्छ, माझ्या पद्धतीने उभा ड्रिल बसवून पाडलेली. हत्यारे निराळी होती, नकाशा मात्र एकच. सगळ्या भिंतीवर एकच सर्किट पुन्हा पुन्हा केलेले होते. मी ते मोजले नाहीत. मोजण्याचे मला सुचले नाही, हेच मी अस्वस्थतेचे लक्षण मानते.

"झटका मशीन," मॅडम म्हणाल्या.

शेतात रानडुकरे येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला जोडतात ते यंत्र. सेकंदाला एकदा ते तारेत क्षणभराचा झटका सोडते. जनावर बिचकते, मरत नाही. बोर्डाच्या एका अंगाला घरची वीज, दुसऱ्या अंगाला कुंपण. दोन्हींच्या मध्ये तांबे नसलेली पट्टी, आणि त्या पट्टीत आरपार पाडलेली फट. ती फट म्हणजे यंत्राची सगळी नीतिमत्ता. घरची वीज तिच्यावरून पलीकडे जाता कामा नये. बटण फक्त टकटक थांबवते; प्लग काढेपर्यंत घरची वीज फटीच्या अलीकडे उभीच असते.

मग त्यांनी सांगितले. मी विचारले नव्हते.

त्यांचे शेत किल्लारीच्या बाजूला, जुन्या गावाला लागून. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसले. जुन्या जागेवर घरांची जोती राहिली, त्यांच्यावर वेड्या बाभळी माजल्या, आणि त्या पडक्या घरांत रानडुकरे राहू लागली. संध्याकाळ झाली की ती जणू आपापल्या घरांतून निघून हरभऱ्यात उतरत. शेत धाकटा भाऊ शिवराज बघायचा. त्याला मॅडमनी स्वतःच्या हाताने झटका मशीन करून दिले. येळवशीच्या, म्हणजे रानात पूजा करून जेवायच्या अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी शिवराज कुंपणाच्या तारेला धरलेला सापडला. यंत्राचे बटण त्याने आधी बंद केलेले होते.

"बटन बंद होतं," मॅडम म्हणाल्या, "टकटक थांबलेली. थांबल्याशिवाय तो तारंला हात लावत नव्हता. तरी तारंत करंट होता. मग गावानं काय म्हणावं? मशीन बंद आन् तारंत करंट, म्हणजे ह्यानं डायरेक्ट खांबावरचा करंट सोडला होता. डुकरं मारायला. दुसऱ्याचं लेकरू मेलं असतं, म्हणतात."

"मशीन तपासलं नाही कुणी?"

"पंचनाम्याच्या गडबडीत कुणी म्हणतं उकिरड्यावर टाकलं, कुणी म्हणतं जाळलं. माझ्याकडं नकाशा तेवढा राहिला." त्यांनी पिवळे बोट भिंतीकडे केले. "शिवानं डायरेक्ट टाकला न्हाई. मला माहीत हाय. म्हणजे खोट माझ्या बोर्डात होती. भोक जळलं होतं का, कड फाटून तांब्याचा चुरा फटीत गेला का, पाटी वाकून तडा गेला का. एकेक हत्यार घेऊन करून बघते. तशी खोट एकदा करून दाखवली की गावाला नेऊन दाखवीन."

चौकटीतून अव्वा म्हणाली, "येळवशीला समदं गाव एकमेकाच्या रानात जेवायला जातंय. आमच्या रानात त्या सालापासनं कुणी पाय ठेवला न्हाई. आम्ही बी गेलो न्हाई. कुणासाठी रांधायचं?"

पडताळणीची पद्धत त्यांनी मला दाखवली. यंत्राची तार आणि जमीन यांच्यामध्ये चिनीमातीचा एक पांढरा रोधक जोडायचा. माणसाच्या अंगाइतका विरोध करणारा. मॅडम त्याला 'माणूस' म्हणत. "माणूस जोडला का?" असे त्या भाजीत मीठ घातले का, अशा स्वरात विचारीत. मग बटण बंद करायचे, टकटक थांबली की मीटर लावायचा. प्रत्येक बोर्डाला शून्य आले होते. जळक्या भोकांच्यालाही शून्य, फाटक्या कडेच्यालाही. त्यांच्या हातून वाईट बोर्ड होता होत नव्हता, आणि प्रत्येक शून्यागणिक त्यांचा भाऊ अधिक दोषी ठरत होता.

माझा बोर्ड दोन दिवसांत झाला. तिसरा दिवस येळवस. अमावास्या होती, ३० डिसेंबर.

मी मूळची हदगावची. लातूरची येळवस ऐकून होते, पाहिली नव्हती. सकाळी दहानंतर शहर रिकामे होत गेले. जीप, मोटारसायकली, बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या, सगळे रानाकडे. भर दुपारी मी दूध आणायला बाहेर पडले तर औसा रस्त्यावर एक माणूस नव्हता. दुकानांची शटर पडलेली, सिग्नलचे दिवे कुणासाठीही लाल-हिरवे होत नव्हते, तरी होत होते. इतक्या मोठ्या शहरात मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. आणि दूरवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधीच, त्या घरातली टकटक.

घरी आले तर अव्वाने रांधायला घेतलेले. पाहुणी आली आहे, तिला येळवस घडली पाहिजे, असे तिने ठरवले होते. वाटाणे, तूर, हरभरा, वालाच्या शेंगा घालून केलेली पालेभाजीची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यात आंबवलेले ज्वारीचे पीठ ताकात शिजवून केलेली अंबील, मिठाची, आंबट, घट्ट. गच्चीवर कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या करून खोप केली. तिच्यात पाच खडे मांडून पूजा झाली. मग अव्वाने मडक्यातून वाटी भरून घेतली, जिना उतरली आणि घरात हिंडू लागली. तुळशीला शिंपडले. पाण्याच्या टाकीला शिंपडले. उंबऱ्याला, मोटारसायकलीला, मीटरच्या पेटीखाली.

"ओलगे, ओलगे," ती येळवशीचा घोष पुटपुटत होती.

"आजी, हे सगळ्यांना का?"

"राखण करतेत ना समदी. सालभर राखतेत, एक दिस त्येंनला बी द्यायचं."

टेबलापाशी ती थांबली. तिन्ही यंत्रांपैकी एकाचा प्लग मॅडमनी सकाळी काढून ठेवला होता. अव्वाने सराईत हाताने त्याचे झाकण उचलले, बाजूला ठेवले, आणि वाटीत बोटे बुडवून बोर्डावर तीनदा अंबील सोडली. पांढरा घट्ट थेंब तांब्यावरून घसरला, फटीपाशी अडला आणि दोन्ही काठांना धरून तिच्यावर बसून राहिला.

माझ्या तोंडून आपोआप प्रश्न गेला. "शेतातल्या मशीनला पण असंच द्यायचात का?"

"हाव. त्येला तर आधी. राखण त्योच करायचा रानाची."

"झाकण काढून?"

"मग? झाकणावर दिलं तर त्याच्या तोंडात कसं जाईल?" ती हसली. बोळक्या तोंडाचे, मोकळे हसू. "शिवा म्हणायचा, अव्वा, त्येला बी जेवू घाल, डुकरं लई आलेत."

मागे काहीतरी पडले. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या जमिनीवर होता आणि पाणी माझ्या पायापर्यंत आले होते. त्यांनी ते पुसले नाही. त्या बोर्डाकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी कोणत्या हत्याराने काय होते ते सगळे पडताळले होते. यंत्र बसवल्यावर त्याला कोण काय घालते, हे कुणी विचारलेच नव्हते.

"जेवायला घ्या," अव्वा म्हणाली. आम्ही जेवलो. मॅडमनी उंडे पुन्हा मागून घेतले, अव्वाची थट्टा केली, भज्जीत वाल जास्त झाला म्हणून तक्रार केली. एवढ्या बोलक्या त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. जेवण होताच त्यांनी तो बोर्ड जसाच्या तसा उचलला आणि गच्चीवर उघड्यावर नेऊन ठेवला. दवात.

३१ तारखेला सकाळी उन्हे येण्याआधी त्यांनी मला उठवले. बोर्डावर अंबिलीचा पापुद्रा वाळला होता आणि त्यावर दव बसून तो पुन्हा मऊ झाला होता. मॅडमनी यंत्र जुळवले. मीटर माझ्या हाती दिला.

"तू वाच. मी वाचलं तर मला पाहिजे ते दिसंल."

आणि त्या भिंतीकडे तोंड करून, लटकत्या बोर्डांसमोर उभ्या राहिल्या. मी प्लग लावला. टकटक सुरू झाली. फटीपाशी एक बारीक निळी ठिणगी नाचली, सुईसारखा फुसफुसाट झाला, आणि पांढऱ्या पापुद्र्यावर काळी रेघ उमटत या काठापासून त्या काठापर्यंत गेली. खोलीभर वास पसरला. तव्यावर भाकरी विसरल्यासारखा.

"बटन बंद कर," मॅडम म्हणाल्या. मी केले. टकटक थांबली. उरलेली यंत्रेही त्यांनी बंद ठेवली होती, त्यामुळे मी त्या घरात पहिल्यांदाच शांतता ऐकली. "माणूस जोड."

मी जोडला. मीटरची टोके लावली.

बाहेरून अव्वाचा आवाज आला. "नंदा, काय करपलं गं?"

"काही न्हाई, अव्वा."

"मग वास कशाचा?"

मॅडमनी समोरचा एक हलता बोर्ड बोटाने थांबवला. मग भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "खोट सापडली, अव्वा. शिवाच्या मशीनची."

अव्वा आत आली. चौकट सोडून, भिंतीच्या जवळ. "कुणाची?"

"माझीच. फट बारीक पडली होती माझ्याकडनं. करवतीच्या पात्याएवढीच ठेवली. रुंद कापायला पाहिजे होती."

हे खोटे म्हणता येणार नाही. फट दुप्पट रुंद असती तर थेंब तिच्यावर बसू शकला नसता. ते पुरेसेही नव्हते, आणि ते कळणारी माणसे खोलीत दोनच होती.

"म्हणजे शिवानं डायरेक्ट..."

"न्हाई टाकला. मी सांगते गावाला. पुढच्या येळवशीला रानात जाऊ, समद्यांना बोलावू. म्हणावं मशीन माझं होतं, चूक माझी."

अव्वाने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या हातनं झालं म्हणून काय झालं. तू काय जाणूनबुजून केलीस?"

"न्हाई, अव्वा," मॅडम म्हणाल्या. "कुणीच न्हाई केलं."

त्यांनी प्लग काढला, बोर्ड घेतला आणि मोरीत जाऊन नळाखाली धरला. जुन्या टूथब्रशने त्या फट घासत राहिल्या, काळी रेघ जाईपर्यंत आणि गेल्यावरही. त्यांची ती पाठमोरी आकृती मी दारातून पाहिली, ती शेवटचीच. दुपारच्या बसने मी निघाले. आकडा किती आला, हे त्यांनी मला विचारले नाही. मी मात्र सवयीने टिपून घेतला होता. यंत्र बंद, टकटक थांबलेली, माणूस जोडलेला: १४२ व्होल्ट.